लक्ष्मीपुरीतलं सुटं जिरं: पाच महिने रोज वापरून

गेल्या श्रावणात आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, पोटात व्रण निघाला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि वर बजावलं, तिखट बंद, मसाला बंद, तळकट बंद. कोल्हापुरातल्या घरात हे पाळायचं म्हणजे स्वयंपाक नव्याने शिकावा लागतो. आमच्याकडे चटणी म्हणतात ती कांदालसणीची. उन्हाळ्यात ब्याडगी, संकेश्वरी आणि थोडी लवंगी मिरची आणायची, देठं खुडायची, उन्हात वाळवायची, डंकावरनं कांडून आणायची आणि मग वर्षभर भाजीत, आमटीत, कालवणात त्या बरणीतला चमचा पडत राहतो. लग्न होऊन या घरात आले त्याला तेवीस वर्षं झाली. तेवीस वर्षं माझा हात त्याच बरणीकडे जात होता.

त्या चटणीत जिरंही असतं. पण मिरची, धणे, तीळ, खोबरं आणि लसणाच्या गर्दीत त्याचा वास वेगळा ओळखून दाखव असं कुणी म्हटलं असतं तर मला जमलं नसतं. २०२३ साली वायदे बाजारात जिऱ्याचा भाव क्विंटलला ६० हजारांच्या वर गेला होता. त्या उन्हाळ्यात भाव चढतच होता म्हणून चटणीच्या यादीत मी जिरं निम्मं केलं. घरात एकाला फरक कळला नाही.

आबांसाठी चटणीची बरणी फळीवर ठेवली तेव्हा हाताशी उरलं काय, तर तूप, मीठ, हळद, आलं, कोथिंबीर आणि जिरं. पहिल्याच आठवड्यात त्यांना तुपातला जिरं-बटाटा केला. दोन घास खाल्ले आणि वाटी हळूच बाजूला सारली. "पोरी, ह्याला कशाचाच वास न्हाई बघ," म्हणाले. रागाने बोलले नाहीत, तक्रारही नव्हती. म्हणूनच ते मला जास्त लागलं. जेवणाचं सुख अर्धं गेलेल्या माणसाला उरलेलं अर्धं तरी नीट मिळायला हवं, असं मला वाटत राहिलं.

ताट आवरून मी जिऱ्याचा डबा उघडला आणि हुंगला. जुन्या कपाटात येतो तसा नुसता धुरकट, कोरडा वास. चिमूटभर चावून बघितलं. भुसा चावल्यासारखं झालं, शेवटी जिभेवर थोडी कडवट चव. पाकीट अजून डब्याच्या मागेच होतं. भरल्याची तारीख अकरा महिन्यांपूर्वीची. १०० ग्रॅमला ५५ रुपये देऊन मी ते आणलं होतं आणि कधी तारीखही बघितली नव्हती. कंपनीचं नाव लिहीत नाही. ते पाकीट कुठल्या गोदामात, कुठल्या फळीवर किती ऊन खात पडलं होतं हे मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या कार्यालयातलं काम आटोपून थेट लक्ष्मीपुरीत, कोल्हापूरच्या बाजारपेठेत, गेले. चटणीच्या सिझनला मिरची आणि धणे मी तिथूनच घेते, पण निव्वळ जिऱ्यासाठी कधी गेले नव्हते. दुकान जुनं आहे. पोत्यांची तोंडं दुमडून ठेवलेली, आत शिरताच आधी धण्याचा आणि मग हळदीचा वास येतो. मालक सत्तरीच्या घरातले आहेत आणि गिऱ्हाइकाशी बोलताना मालावरचा हात काढत नाहीत.

मी नुसतं "चांगलं जिरं द्या" म्हटलं. त्यांनी विचारलं, "कशाला पायजे वैनी? चटणीला का फोडणीला?"

हा प्रश्न मला आजवर कुठल्याच दुकानात कुणी विचारला नव्हता. मी आबांचं सगळं सांगितलं. त्यांनी समोरच्या पोत्यातलं न देता आतल्या पोत्यातलं मूठभर काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, चोळा. दोन तळव्यांत जोरात चोळलं. हात उघडले तर तळव्यावर काळं काही लागलं नव्हतं, नुसता तेलाचा अंश आणि नाकात असा वास की डोळे आपोआप मिटले. गवताचं बी कोळशाच्या भुकटीत काळसर करून जिऱ्यात मिसळतात, तसं असलं तर चोळल्यावर हात काळा होतो. घरी ही परीक्षा कुणीही करू शकतं. दहा सेकंदांचं काम आहे.

समोरच्या आणि आतल्या पोत्यातला फरक त्यांनी सांगितला. बाहेरचं सिंगापूर क्वालिटी, ९९ टक्के. आतलं युरोप क्वालिटी, साडेनव्व्याण्णव. ही नावं ऐकून माल परदेशातून आलाय असं मला वाटलं होतं. तसं नाही. दोन्ही जिरी गुजरातची, ऊंझ्याच्या बाजारातून आलेली. कुठल्या देशाच्या मागणीप्रमाणे किती साफ करायचं यावरून व्यापारात ही नावं पडली आहेत आणि टक्का सांगतात तो स्वच्छतेचा, म्हणजे काडी, माती, दुसरं बी वगळून शंभरात निव्वळ जिरं किती त्याचा. वासाचा टक्का तो नव्हे. वास ठरतो माल कोणत्या वर्षीचा आणि कसा ठेवलाय यावर, हे त्यांनी दोनदा सांगितलं. जिरं हे रब्बीचं पीक. गुजरात-राजस्थानच्या कोरड्या पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे पेरतात आणि फेब्रुवारी-मार्चला काढणी होते. मला मिळालं ते त्याच वर्षीचं होतं, काढणीला पाच-सहा महिने झालेलं.

पाव किलोचे ९० रुपये घेतले. म्हणजे माझ्या त्या पाकिटापेक्षा वजनाच्या हिशेबाने बरंच स्वस्त.

घरी येऊन पहिलं काम केलं ते शेजारी-शेजारी फोडणी. एकाच मापाच्या दोन पळ्या माझ्याकडे आहेत, दोन्ही लोखंडी. दोन्हींत एकेक चमचा तूप, एकीत पाव चमचा जुनं जिरं, दुसरीत तेवढंच नवं. नव्या जिऱ्याचं असं झालं: तूप तापलं, एक दाणा टाकून बघितला, तो तळाशी न बसता लगेच वर आला आणि त्याच्याभोवती बारीक फेस धरला. मग बाकीचं टाकलं. तडतड नाही, जिरं मोहरीसारखं उडत नाही, ते सुरसुरतं. करड्या-हिरवट रंगावरून आधी पिवळसर, मग विटकरी तपकिरी. मनात आठ मोजेपर्यंत हे सगळं झालं आणि वास स्वयंपाकघरातून सोप्यात पोचला. आबा आतून म्हणाले, "काय करतीयास गं?" जुन्या जिऱ्याच्या पळीतही रंग तसाच आला, सुरसुरलंही तसंच. वास मात्र पळीवर नाक नेलं तरच. डोळ्यांनी बघितलं तर दोघांत काही फरक नव्हता आणि मी इतकी वर्षं डोळ्यांनीच फोडणी करत होते.

तेव्हापासून आमच्या घरात जी तोंडीलावणी होतात त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण जिऱ्याची खरी परीक्षा तिथेच होते. जिथे जिरं एकटं पडतं, लपायला मसाला नाही, कांदा नाही, तिथेच कळतं की आपण पैसे कशाचे दिले.

जिरं-बटाटा मी आता असा करते. चार मध्यम बटाटे उकडून, सोलून पूर्ण गार होऊ देते. गरम बटाटा परतला की तो लगद्यासारखा होतो. सुरीने कापत नाही, हाताने मोडते, म्हणजे कडा खडबडीत राहतात आणि त्यांना जिरं चिकटतं. दीड चमचा तुपात एक चमचा जिरं, त्यावर किसलेलं आलं, लगेच बटाटा आणि मीठ. मंद आचेवर, झाकण न घालता, बटाट्याला तांबूस खरपूड धरेपर्यंत. मग उतरवताना अर्धा चमचा भाजून भरड कुटलेलं जिरं वरून. फोडणीतलं जिरं आणि भाजलेलं जिरं हे माझ्या मते दोन वेगळे पदार्थ आहेत. तुपातलं गोडसर आणि सौम्य, तव्यावरचं खमंग, किंचित धुराकडे झुकणारं. दोन्ही एका भाजीत आले की मिरचीची आठवण होत नाही. आबांनी त्या दिवशी वाटी पुसून खाल्ली. मी ताटाकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं आणि म्हणाले, "आता कशी भाजी वाटतीया."

काकडीची कोशिंबीर मात्र बिघडली होती, तीही माझ्या घाईने. काकडी कोचवून, मीठ लावून, पिळून घेतली, दही घातलं आणि कढकढीत फोडणी वरून ओतली. दही जागोजाग फाटल्यासारखं झालं आणि जिरं दह्यात पडताच मऊ पडलं. आता फोडणी कोमट होईपर्यंत थांबते. दाण्याचं कूट आणि काकडी आधी कालवते, फोडणी त्यावर घालून एकदा हलवते आणि दही अगदी ताटं वाढायच्या वेळी. जिरं दाताखाली कुरकुरीत राहतं. या कोशिंबिरीत जिरं अर्ध्या चमच्याच्या वर घालायचं नाही. चांगलं जिरं जोरकस असतं, जुन्या जिऱ्याच्या सवयीने मी पहिले काही दिवस मापात चुकत होते.

दुधी भोपळ्याच्या भाजीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तुपात जिरं, भिजवलेली मुगाची डाळ मूठभर, दुधीच्या फोडी, मीठ, झाकण, वरून खोबरं. साधी आहे, रोजची आहे, चांगल्या जिऱ्याने ती चांगली होते, एवढंच.

पण लाल भोपळ्याचं भरीत! हे माझ्या माहेरचं, माझ्या आईचं. भोपळा उकडून, पाणी निथळून, पळीने मोडायचा. अगदी गुळगुळीत करायचा नाही, मध्ये मध्ये फोडी लागल्या पाहिजेत. दाट, अजिबात आंबट नसलेलं दही, मीठ, चिमूटभर साखर. वर तूप-जिऱ्याची फोडणी. आई संकष्टीला करायची, उपासाचं म्हणून हळद-मोहरी नाही, नुसतं तूप-जिरं. भोपळ्याच्या गोडाला जिऱ्याचा किंचित मातकट, उबदार वास असा काही लागतो की मी लहानपणी वाटी दोनदा घ्यायची. लग्नानंतर मी हे भरीत कितीदा केलं आणि कितीदा वाटलं की आईच्या हाताची चव येत नाही. दही बदलून बघितलं, भोपळा बदलून बघितला. जिरं बदलायचं कधी सुचलं नाही. आई वर्षभराचं जिरं एकदम घ्यायची नाही, बाजाराच्या दिवशी पुड्यातलं थोडं थोडं आणायची. त्या श्रावणात नव्या जिऱ्याने ते भरीत केलं, पहिला घास घेतला आणि मला गॅसजवळ उभ्या उभ्या रडू आलं. ती चव होती.

ताकाला जिऱ्याची पूड लागते आणि इथे या दुकानाबद्दलची माझी पहिली नाराजी. दुसऱ्या खेपेला मी त्यांच्याकडची तयार भाजलेली जिरेपूड १०० ग्रॅम आणली. पहिले आठ-दहा दिवस बरी होती, महिन्याने तिच्यात काही राम उरला नाही. मी जाऊन सांगितलं तर मालकांनी मान्य केलं की पूड चार-पाच दिवसांची असली तरच घ्यावी. मग विकताना आधीच सांगायला हवं होतं. जिऱ्याच्या दाण्यावर ज्या उभ्या रेघा दिसतात त्यांच्या खाली बारीक नळ्यांत त्याचं सुगंधी तेल असतं, साधारण दोन ते चार टक्के. दाणा अख्खा असेपर्यंत ते आत राहतं. कुटलं की वाट मोकळी. त्यामुळे पूड कुणाचीही घ्या, ती लवकर जाणारच. आता मी रविवारी चार चमचे जिरं जाड तव्यावर मंद आचेवर भाजते. तीन-चार मिनिटं लागतात, हात थांबवायचा नाही, रंग एक छटा गडद झाला की लगेच ताटात काढायचं, कारण तवा गॅस बंद केल्यावरही भाजत राहतो आणि जिरं करपलं की ताक कडू. गार झाल्यावर खलबत्त्यात भरड. आठवडा पुरतं. मिक्सरला लावलं तर बारीक पीठ होतं आणि ताकाच्या तळाशी बसतं, म्हणून खलबत्ताच.

बिटाची कोशिंबीरही जिऱ्यावर उभी राहते, हे मला या काळातच कळलं. उकडलेलं बीट किसून, लिंबू, मीठ, थोडं कूट आणि तूप-जिरं. बिटाला जो मातीचा वास येतो म्हणून माझा मुलगा तोंड फिरवायचा, त्याच वासाला जिरं सामावून घेतं. तो आता मागून खातो.

एक गोष्ट मोहरी-जिऱ्याच्या एकत्र फोडणीची. आमच्या इतर भाज्यांना ती लागतेच. मोहरीला तेल चांगलं तापलेलं लागतं, जिऱ्याला तेवढं सोसत नाही. म्हणून मोहरी पूर्ण तडतडून शांत झाली की गॅस बारीक करून मग जिरं. आजवर मी दोन्ही एका मुठीने टाकायची, डब्यात दोन्ही वाट्या शेजारीच म्हणून. जुन्या जिऱ्याला त्याने काही होत नव्हतं, कारण त्यात जाण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आता मालातल्या खोडी. साडेनव्व्याण्णव टक्के म्हणूनही पहिल्या पाव किलोत मला सात-आठ काड्या आणि एक बारीक खडा मिळाला. खडा आबांच्या दाताखाली आला असता तर मला स्वतःला माफ करता आलं नसतं, त्यामुळे मी अजूनही निवडून घेते. दुसऱ्या खेपेचं जिरं वासाला पहिल्याइतकं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, त्याच लॉटमधलं पण पावसाळ्यात पोतं उघडं राहिलं. खरं सांगितलं याचं बरं वाटलं, तरी पैसे तेवढेच घेतले. तिसऱ्या खेपेला मी घेण्याआधी चोळून, चावून बघितलं आणि ते पुन्हा उत्तम निघालं. दुकानात माल हुंगून, चावून बघायला कुणी अडवत नाही, हा या दुकानाचा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा गुण. पाकिटाला तेवढं करता येत नाही.

पिशवी पातळ प्लास्टिकची देतात. घरी पोचेपर्यंत सगळ्या भाजीला जिऱ्याचा वास आणि जिऱ्याला मेथीचा. मी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घरूनच नेते. काचेची बरणी दिसायला छान, पण गॅसजवळच्या उजेडात ठेवली तर उपयोग नाही. बाजाराच्या दिवशी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. आणि पाव किलोच्या खाली द्यायला ते थोडी कुरकुर करतात. मला पाव किलो साधारण दोन महिने जातं, तेवढंच घ्यावं. स्वस्त पडतं म्हणून किलो-किलो भरून ठेवलं तर पुन्हा तेच, फळीवर पडून वास उडालेलं जिरं.

आमच्या शाळेतले संस्कृतचे सर म्हणाले, जीरक हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ पचणं, आणि आपलं 'जिरणं' त्याच कुळातलं. औषध म्हणून मी आबांना जिरं दिलं नाही, औषध डॉक्टरांचं चालू आहे. मला हवं होतं ते त्यांनी जेवायला बसताना ताटाकडे बघावं.

परवा ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आले. "आज भोपळा हाय का?" विचारलं. होता. मी पळी गॅसवर ठेवली, तर तिथेच पाट ओढून बसले आणि फोडणीचा वास येईपर्यंत उठले नाहीत.

डब्यात आता बोटभर जिरं शिल्लक आहे. मालकांनी नवा माल मार्चच्या मध्यापर्यंत येईल असं सांगितलंय. तोवर १०० ग्रॅमच मागणार आहे, कुरकुर केली तरी.